कॉइट टॉवरची ओल

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या गावातल्या एका सार्वजनिक इमारतीत १९३०च्या दशकातलं, मंदीच्या काळातलं भित्तिचित्र आहे, त्याचे पोपडे निघायला लागलेत. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने सांगितलं तर कुणी ऐकेल का, असं विचारत होती. तासभर बोललो तरी निम्मंच सांगून झालं, म्हणून लिहून काढते. मी काही चित्रकलेची जाणकार नाही. नोकरी हिशेबाची, राहणं सॅन फ्रान्सिस्कोत, माहेर वाईचं.

सुरुवात माझ्या बाबांपासून झाली. २०११च्या मार्चमध्ये आईबाबा आले होते. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे त्यांना कुठेही नेलं तरी ते आधी छत बघतात. शहरातल्या टेकडीवरच्या कॉइट टॉवरला नेलं तेव्हा पाऊस होता. ३९ नंबरची बस थेट वर जाते, म्हातारी माणसं बरोबर असतील तर तीच घ्या. टॉवर २१० फूट उंच, काँक्रीटचा. लिली हिचकॉक कॉइट नावाच्या बाईंनी शहर सुंदर करायला मागे ठेवलेल्या पैशातून १९३३ साली बांधला. बहुतेक लोक लिफ्टने वर जातात, फोटो काढतात आणि उतरतात. खालच्या मजल्यावर भिंतीभर चित्रं आहेत आणि ती फुकट बघता येतात, हे मलाही इतकी वर्षं राहून नीट माहीत नव्हतं.

आई चित्रं बघत होती. संत्र्यांच्या बागा, गोदी, कारखाने, वाचनालय. बाबा एका खिडकीखालच्या कोपऱ्याशी वाकून उभे. म्हणाले, "इथं लोणा लागलाय गं."

मी बघितलं. रंगावर पांढुरकी पूड धरली होती, पिठाचा हात लागावा तशी. तिच्या कडेला रुपयाएवढा पोपडा सुटून आतला करडा गिलावा दिसत होता. दोन हात पलीकडे कुणीतरी किल्लीने आपल्या नावाचं अक्षर कोरलं होतं. बाबांनी त्या अक्षराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हे वरचं पाणी आहे. आधी ते बंद करायला पाहिजे, मग चित्राचं बघायचं. इथलं बांधकाम खातं कुणाकडं असतं?"

याचं उत्तर मला देता येईना.

त्यांना परत पाठवून दिल्यावर मी वाचायला बसले. १९३३च्या डिसेंबरात, मंदीच्या ऐन कडाक्यात, अमेरिकेच्या केंद्र सरकारने बेकार चित्रकारांना रोजगार द्यायची एक योजना काढली. जेमतेम सहा-सात महिने चालली, पण देशभरात ३,७०० च्या आसपास कलावंतांना त्यात काम मिळालं. कॉइट टॉवर हे तिच्यातलं सुरुवातीचं मोठं काम. दोन डझनांहून जास्त चित्रकार आणि त्यांचे मदतनीस, आठवड्याला साधारण २५ ते ४५ डॉलर मजुरी, आणि रंगवायच्या भिंती ३,७०० चौरस फूट. यातल्या काहींनी दिएगो रिव्हेरा या मेक्सिकोच्या डाव्या विचारांच्या भित्तिचित्रकाराच्या हाताखाली काम केलेलं. इकडे हे भिंतीवर चढलेले असताना, १९३४च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधलं रिव्हेराचं चित्र फोडून टाकलं गेलं. त्या संतापात रंगवलेल्या भिंती आहेत या. व्हिक्टर अर्नाटॉफने शहराचा गजबजलेला चौक काढला. त्यात वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर डावी नियतकालिकं आहेत आणि शहरातला 'क्रॉनिकल' हा पेपर नेमका नाही. कोपऱ्यात एका माणसाला दिवसाढवळ्या लुटतायत. बर्नार्ड झाकहाइमच्या वाचनालयात एक माणूस डाव्या हाताने वर्तमानपत्र चुरगाळतो आणि उजव्या हाताने मार्क्सचं 'कॅपिटल' काढतो. हा माणूस म्हणजे तिथेच दुसरी भिंत रंगवणारा चित्रकार जॉन लँगली हॉवर्ड. क्लिफर्ड वाइटने खिडकीवर विळा-हातोडा काढला होता, तो चित्रं लोकांना खुली होण्याआधीच पुसला गेला. त्यातच जुलैमध्ये गोदी कामगारांच्या संपात गोळीबार झाला, माणसं मेली. चित्रं लोकांना खुली व्हायला ऑक्टोबर उजाडला.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरं, पण गिलावा कशाचा आहे?"

प्रश्न बरोबर होता. यातली बहुतेक चित्रं ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. रंगात डिंक नाही, अंडं नाही, नुसतं पाणी. दिवसभरात रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडातच अडकतो. नीट निरखलं तर एका दिवसाचा तुकडा कुठे संपला त्याची बारीक शिवण दिसते. आपल्या अजिंठ्याचं तंत्र वेगळं. तिथे मातीचा लेप, वर चुन्याचा पातळ हात आणि रंग कोरड्यावर. कॉइट टॉवरमध्ये रंग भिंतीचाच भाग आहे, म्हणून तो सहज पुसला जात नाही. पण भिंतीत पाणी शिरलं की आतले क्षार विरघळून पृष्ठभागाकडे येतात, तिथे त्यांचे खडे होतात आणि ते खडे रंगासकट पापुद्रा ढकलून काढतात. बाबा त्यालाच लोणा म्हणत होते. वाईच्या आमच्या वाड्यात तो न्हाणीघराच्या भिंतीला दर पावसाळ्यात लागायचा.

आता कागदांकडे येते, कारण मैत्रिणीला तेच हवं होतं.

पहिली गोष्ट म्हणजे मालक कोण ते शोधा. कॉइट टॉवरची इमारत शहराच्या उद्यान विभागाकडे आणि आतली चित्रं शहराच्या कला आयोगाच्या संग्रहात. म्हणजे भिंत एकाची आणि भिंतीवरचा रंग दुसऱ्याचा. हे कळायलाच मला एप्रिल गेला. तुमचं चित्र पोस्टात असेल तर ते बहुधा टपाल खात्याचं, शाळेत असेल तर शाळा मंडळाचं. त्या काळात पैसे केंद्राने दिले म्हणून आजही दाद केंद्राकडेच मागायची, असं नसतं.

दुसरी गोष्ट, कागदपत्रं मागा. इथे शहराचा माहितीच्या हक्काचा नियम आहे. साधा अर्ज केला तर १० दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि झेरॉक्स पानाला १० सेंट. मी मेमध्ये ईमेल केला आणि शहाणपणा करून लिहिलं, "भित्तिचित्रांबद्दलची सर्व कागदपत्रे." मग एका कर्मचारी बाईंचा फोन आला. शांतपणे म्हणाल्या, सगळी म्हणजे खोलीभर होतील, तुम्हाला नक्की काय हवंय? मी पूड, पोपडा आणि कोपऱ्याचं वर्णन केलं. त्यांनीच सांगितलं की चित्रांच्या स्थितीची पाहणी आणि इमारतीच्या गळतीची कागदपत्रं, एवढंच मागा. ६४ पानं आली, ६ डॉलर ४० सेंट. रजा टाकावी लागली नाही. हिशेबाच्या नोकरीत मी रोज लोकांना "नक्की कोणतं बिल?" विचारते, पण स्वतःच्या अर्जात तेवढं सुचलं नव्हतं.

कागदांत जे होतं ते बाबा दहा मिनिटांत डोळ्यांनी सांगून गेले होते. पाणी, क्षार, ओरखडे, पाठीवरच्या पिशव्यांचे घासे. तरी हातात कागद आल्यावर बोलायला धीर येतो.

त्या वर्षी टॉवरच्या भवितव्यावरून वेगळीच कुरबूर चालू होती. टॉवर चालवायचं कंत्राट नव्याने द्यायचं होतं, त्यात खाण्यापिण्याचा धंदा आणि खाजगी समारंभ वाढवायचा विचार होता. टेकडीवरच्या रहिवाशांना ते पटलं नाही. त्यांनी मतदारांच्या सह्या गोळा करून ठराव मतदानाला न्यायचं ठरवलं. टॉवरमधल्या धंद्यावर आणि खाजगी कार्यक्रमांवर कडक मर्यादा, आणि टॉवरमधून शहराला जे उत्पन्न मिळतं त्यातून आधी चित्रांची आणि इमारतीची निगा. नवरा म्हणाला, "अगं, पार्ट्या झाल्या तर पैसा येईल, तोच चित्रांना लागेल की." यावर आमचं दोन दिवस वाजलं. मला आजही वाटतं की त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण तिकिटाचा पैसा आजही येत होता आणि लोणा तरीही वाढत होता, हे मला मोडून काढता येईना. मी सह्या गोळा करायला नाव दिलं.

त्याच वर्षी मी अमेरिकेची नागरिक झाले होते. म्हणून हे जमलं, आणि म्हणूनच पोटात गोळाही आला होता. २०११चा डिसेंबर आणि २०१२चा जानेवारी, सात शनिवार. हातात फळी, तिला दोरीने बांधलेलं पेन. पहिल्या शनिवारी दोन तासांत चार सह्या. लोक माझ्याकडे बघायचे तेव्हा मी पायांकडे बघायचे. माझ्या जोडीला नॉर्थ बीचमधल्या एक सत्तरीच्या इटालियन आजी होत्या. त्या म्हणाल्या, "तू माफी मागतेस. माफी मागू नकोस, प्रश्न विचार." मग मी "तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोत मत देता का?" एवढंच विचारायला लागले. सगळं सोपं झालं, कारण नाही म्हणणारा आपोआप पुढे जायचा.

या कामात माझ्या ज्या चुका झाल्या त्या लिहिते. सही फक्त त्याच शहरातल्या नोंदणीकृत मतदाराची चालते. माझ्या ओळखीची अर्धी मराठी मंडळी व्हिसावर, उरलेली अर्धी फ्रिमाँट आणि सनीव्हेलला. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी मोठ्या आशेने फळी घेऊन गेले आणि तिळगूळ खाऊन दोन सह्यांवर परत आले. नाव आणि पत्ता ज्याचा त्यानेच लिहायचा, आपण भरून द्यायचा नाही. मी पहिल्या दिवशी एका थरथरत्या हाताच्या आजोबांना मदत म्हणून पत्ता लिहिला, ती ओळ खोडावी लागली. घर बदलून नोंदणी बदलली नसेल तर सही बाद. पोस्ट बॉक्सचा नंबर पत्ता म्हणून चालत नाही. आणि पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याची प्रतिज्ञा असते, ती स्वतःच्या हाताने भरल्याशिवाय गठ्ठा देऊ नका. माझ्या १६३ सह्या झाल्या, त्यातल्या किती टिकल्या ते मी विचारलं नाही. बसचं भाडं तेव्हा २ डॉलर होतं. चुकून एकदा केबल कारमध्ये चढले, ६ डॉलर गेले.

ठराव मतपत्रिकेवर आला, अक्षर मिळालं बी. इथे प्रत्येक मतदाराला एक पुस्तिका येते, त्यात ठरावाचा सोप्या भाषेतला सारांश असतो. तो सारांश लिहायला वेगळी समिती आहे, तिच्या बैठका खुल्या असतात आणि आठवीच्या मुलाला कळेल अशी भाषा हवी असा दंडक आहे. आपल्याकडे गॅझेटला असा दंडक लावला तर काय बहार येईल. पुस्तिकेत आपलं म्हणणं पैसे भरूनही छापता येतं. २०० डॉलर, वर शब्दाला २ डॉलर. मी शंभर शब्दांत लिहून काढलं, हिशेब ४०० डॉलरवर गेला. विशेषणं काढत काढत चाळीस शब्दांवर आणलं, तरी २८०. शेवटी कागद फाडला.

त्याऐवजी फुकटात बोलता येतं तिथे गेले. सिटी हॉल, चौथा मजला, खोली ४१६, फेब्रुवारीतला एक गुरुवार. उद्यान विभागाच्या आयोगाच्या बैठकीत कुणीही नागरिक उठून बोलू शकतो, त्या दिवशी माणशी दोन मिनिटं होती. मी सहा मिनिटांचं भाषण लिहून नेलं होतं. माझा विषय यायला पावणेतीन तास लागले. डबा नेऊ देत नसतील असं समजून मी उपाशीच बसले. तुम्ही पोळीभाजी खाऊन जा. बसल्या बसल्या आठवलं, सिटी हॉलचा वास्तुरचनाकार आर्थर ब्राउन ज्युनियर, आणि कॉइट टॉवरही त्याच्याच कचेरीतून निघालेला. इकडे संगमरवर आणि सोन्याचा मुलामा, तिकडे उघडं काँक्रीट. माझा नंबर आला तेव्हा भाषणातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, माझे वडील भारतात सरकारी बांधकाम खात्यात होते, ते भिंत बघून म्हणाले की आधी वरचं पाणी बंद करा. मग ६४ पानांतला गळतीचा परिच्छेद वाचला. अर्धं मिनिट उरल्याची घंटी वाजली आणि मी दचकून "धन्यवाद" म्हणून बसले. खरं तर अजून तीस सेकंद होते.

५ जून २०१२ला मतदान झालं. ठराव ५३ टक्क्यांच्या आसपास मतांनी मंजूर झाला. त्या रात्री आम्ही काही साजरंबिजरं केलं नाही, मुलाची परीक्षा होती. शिवाय हा धोरणाचा ठराव होता, कायद्याने बांधून घालणारा नव्हता. मतदारांनी इच्छा सांगितली, पुढे पैसा आणि कारागीर यायचे होते.

मग वाट बघणं. याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दीड वर्ष मी बैठकांच्या विषयपत्रिका डाउनलोड करत होते आणि त्यात "कॉइट" शब्द शोधत होते. सापडला तर वाचायचा, नाही सापडला तर कामाला लागायचं. महिन्याला पंधरा मिनिटं. मैत्रिणीला मी हेच सांगितलं, की मोठ्या पत्रापेक्षा ही पंधरा मिनिटं चुकवू नकोस. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये टॉवर बंद झाला. एकूण काम साधारण १७ लाख डॉलरचं, आणि त्यात चित्रांबरोबर इमारतही होती. हे वाचल्यावर मी आधी वाईला फोन लावला.

अशी चित्रं दुरुस्त कशी करतात हे मी तोवर बरंच वाचलं होतं. आधी कोरड्या मऊ स्पंजने धूळ. मग कापसाच्या बोळ्याने, क्षार काढलेल्या पाण्याने, नखाएवढी जागा एका वेळी. सुटलेला गिलावा मागून चिकटवायचा, खड्डे चुन्याने भरायचे आणि फक्त भरलेल्या जागेवरच रंग लावायचा, तोही पुढे कुणाला काढता येईल असा. या शेवटच्या अटीचं महत्त्व आपल्याला अजिंठ्याने शिकवलंय. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले होते. त्यांनी पोपडे चिकटवण्याचं काम मनापासून केलं, पण चित्रांवर लाखेचं रोगणही फिरवलं. ते पुढे पिवळं पडलं आणि उतरवता उतरवता पुरातत्त्व खात्याच्या पिढ्या गेल्या.

१४ मे २०१४ला टॉवर उघडला. मी त्या शनिवारी गेले. वाटेत फिल्बर्टच्या पायऱ्या चढले. इथे लाल डोक्याच्या रानपोपटांचे थवे असतात, त्यांचा कलकलाट ऐकला की वाईचा घाट आठवतो. आत चित्रं उजळली होती, पण नवी कोरी दिसत नव्हती, याचं बरं वाटलं. किल्लीने कोरलेलं अक्षर गेलं होतं. तिथे तिरपं बघितलं तर किंचित कमी चमक दिसते, एवढंच. खिडकीखालच्या कोपऱ्यात पूड नव्हती. मी फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "उन्हाळ्यात कुठलीही भिंत चांगलीच दिसते."

आणि कॅलिफोर्नियात तर तेव्हा दुष्काळ होता. त्याआधीच्या हिवाळ्यात पाऊस फारच कमी झाला होता.

तो आला २०१४च्या डिसेंबरात. ११ डिसेंबरला असं वादळ झालं की शहरातल्या शाळा बंद ठेवल्या. शनिवारी सकाळी मी ३९ नंबर पकडली. छत्री दाराशी ठेवली, बॅग पोटाशी धरली आणि थेट कोपऱ्यात जाऊन वाकले. दोनदा चष्मा पुसला. पहारेकऱ्याने जवळ येऊन विचारलं, काही हरवलंय का? म्हटलं, नाही, ओल शोधतेय. तोही वाकला. आम्ही दोघं मिनिटभर तिथे बघत राहिलो. मला दिसलं तेवढं तरी कोरडं होतं.

बाहेर येऊन फोन लावला. वाईत रात्र झाली होती, पण बाबा जागे होते.

"गळतंय?"

"नाही."

"बरं. अजून दोन पावसाळे जाऊ देत, मग सांग."